परशुरामाचे दोन आवाज

जूनचे दिवस होते, पाऊस अजून लांब होता. नांदेडला माझा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भीमगीतं, आराधी गाणी, प्रचाराच्या क्लिपा, दुकानांच्या जाहिराती, जे येईल ते काम इथं होतं. त्या दिवशी इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा आला. त्याला त्याच्या बँडचं एक गाणं करायचं होतं. "काका, आधी हे ऐका, मग कळंल मला काय पाहिजे ते," असं म्हणून त्यानं मोबाईल मिक्सरला जोडला.

गाणं मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचं होतं. २०१७ साली त्यांचा 'दशावतार' नावाचा अल्बम आला. दहा अवतार, दहा गाणी. पोरानं लावलं ते सहावं, परशुरामाचं.

पहिल्याच फटक्याला माझा हात सवयीनं गेनच्या बटणाकडे गेला. पंचवीस-सत्तावीस वर्षं मी हेच करत आलो आहे. आवाज फाटला की गेन उतरवायचा. पण मिक्सरवर लाल दिवा लागलेला नव्हता. आवाज फाटत नव्हता, तो तसाच काढलेला होता. पोटातून वर येऊन घशात भरडला गेलेला, जात्यातून ज्वारीची भरड पडावी तसा. एक गाणं संपलं, दुसरं लागलं, आणि ऐकता ऐकता ध्यानात आलं की हा बँड भरड गळ्याशेजारी मोकळा, सुरेल गळाही ठेवतो. पोरानं सांगितलं, "दोन्ही एकच माणूस म्हणतो काका. साहिल मखिजा."

मी आता बंद कर म्हणणार, असं त्याला वाटलं असावं. मी म्हणालो, "सहावं परत लाव." परशुराम, भरड आवाज आणि नितळ आवाज हे तिन्ही मी एका जागी पूर्वी ऐकले होते. १९८९ साली, लोहा तालुक्यातल्या आमच्या गावी, धाकट्या काकांच्या लग्नानंतरच्या गोंधळात.

आमचं कुलदैवत माहूरची रेणुकामाता. घरात लग्न झालं की देवीचा गोंधळ घातल्याशिवाय लग्न पुरं झालं असं आज्जी मानायची नाही. गोंधळी ठरलेले असत. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. आमच्याकडे रेणुराई यायचे, बापजाद्यांपासून एकाच घरचे. मेळातल्या मुख्य गोंधळ्याला सगळे नाईक म्हणत. मी त्यांना नाईकमामा म्हणायचो. गळ्यात कवड्यांची माळ, अंगात पायघोळ झगा, कपाळभर कुंकू. दिवसा ते आमच्या ओसरीवर बसून आज्जीशी पीकपाण्याच्या गोष्टी करत, तेव्हा आवाज अगदी साधा, थोडा बसलेलाच.

अंगणात पाट मांडला. पाटावर खण, खणावर तांदूळ, त्यावर कलश आणि नारळ. ज्वारीची पाच ताटं शेंड्याशी एकत्र बांधून त्यावर उभी केली. दिवटी पेटली, बुधलीतून तिच्यावर तेल पडत राहिलं. संबळाच्या जोडीतलं एक भांडं बारीक बोलतं, दुसरं घुमतं. तुणतुण्याला तर एकच तार, ती रात्रभर एकच सूर धरून बसते. त्या एका सुराच्या खुंटीला सगळा गोंधळ टांगलेला असतो, हे मला फार उशिरा, हे काम करायला लागल्यावर कळलं.

आधी गण, मग आवाहन. गावोगावच्या देवांना नाव घेऊन चौकात बोलावायचं. हे सगळं नाईकमामा खड्या, नितळ आवाजात म्हणत. झील धरणारे दोघे त्यांच्या ओळीचं शेपूट उचलून आणखी वर नेत. मग आख्यान. त्या रात्री रेणुका-परशुरामाचं होतं.

माहूरची कथा आमच्या भागातल्या लेकराला पाळण्यात कळते. सहस्रार्जुनानं जमदग्नी ऋषींना मारलं. परशुरामानं कावडीच्या एका बाजूला बापाचं शव आणि दुसऱ्या बाजूला आईला बसवलं, आणि चालत चालत माहूरच्या डोंगरावर आला. तिथं दत्तात्रेयांनी अंत्यसंस्कार सांगितले, रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी आकांत करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली की तुझी आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून पाहू नकोस. त्यानं वळून पाहिलं. तोवर फक्त मुख वर आलं होतं. म्हणून माहूरला देवीचं फक्त मुखच पुजतात, त्याला तांदळा म्हणतात.

नाईकमामा कथा सांगत तो आवाज नितळ. रेणुकेचं बोलणं त्याहून नितळ, जवळजवळ बाईच्या गळ्याचं. पण परशुराम बापाच्या शवापाशी येऊन उभा राहिला आणि मामांचा गळा बदलला. तो ओरडा नव्हता, गाणंही नव्हतं. संबळाचं घुमणारं भांडं आणि मामांचा गळा यांतला कुठला आवाज कुठला, ते क्षणभर कळेना. मी दहा वर्षांचा होतो, मायच्या पदराआड सरकलो. एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली आणि आजही लख्ख आठवते. तो आवाज मोठा नव्हता. मोठा वाटत होता. आणि मग 'वळून पाहिलं' त्या जागी भरड आवाज मधेच तुटला आणि पुढची ओळ एकदम नितळ, एकट्या तुणतुण्यावर. बायका डोळे पुसत होत्या.

त्याच रात्री आत्याबाईंच्या अंगात वारं आलं. केस सुटले, अंग हलायला लागलं आणि त्या घुमायला लागल्या. मराठीत या आवाजाला हे स्वतःचं क्रियापद आहे, घुमणं. रोज दळण-कांडण करताना बारीक आवाजात ओव्या म्हणणारी आमची आत्या, तिच्या छातीतून खर्जातला घोगरा आवाज येत होता, आणि घरातले वडीलधारे तिला हात जोडून "काय आज्ञा माय?" असं विचारत होते. आत्या ओरडते आहे असं कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, हा आवाज तिचा नव्हे. आमच्या मुलखात भरड आवाजाची जागा ही अशी ठरलेली होती. माणूस स्वतःचं बोलतो तेव्हा नितळ; माणसाच्या तोंडून दुसरं कुणी बोलतं तेव्हा भरड. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्यांच्या तोंडून, मरीआईचा गाडा घेऊन आलेल्या पोतराजाच्या तोंडून मी तो पुढं कितीतरी वेळा ऐकला. आमच्याकडच्या माणसाला तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

सकाळी आरती झाल्यावर मी नाईकमामांना विचारलं, "मामा, तसा आवाज कसा काढता?" त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या पोटावर, बेंबीच्या वर ठेवला आणि हळूच तो आवाज काढला. पोट दगडासारखं घट्ट झालं. मग माझी बोटं गळ्यावर ठेवली. गळा सैल होता. "लेकरा, एक नितळ, एक भरड. नितळ गळ्यातून येतो, भरड पोटातून. भरड गळ्यातून काढशील तर तीन दिवसांत मुका होशील," असं ते म्हणाले. त्यांचे वडीलही असंच सांगत, असंही म्हणाले.

गोंधळी सांगतात की पहिला गोंधळ परशुरामानंच घातला. बेटासुर दैत्याला मारून, त्याच्या शिराचं आणि शिरांच्या तंतूंचं वाद्य करून ते वाजवत तो आईच्या दर्शनाला आला. लिहिलेल्या कागदांतही हा धागा बराच मागं जातो. लातूर जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. ते चालुक्यांचं कल्याणी. बाराव्या शतकात तिथं तिसरा सोमेश्वर राज्य करत होता, त्यानं 'मानसोल्लास' लिहिला. कल्याणीच्या भूतमातेच्या उत्सवात एका भिल्ल स्त्रीचं नृत्य पाहून या राजानं 'गोंडली' नावाचा प्रकार बसवला, अशी हकीकत पुढच्या शतकात काकतीयांच्या पदरी असलेल्या जायसेनापतीनं 'नृत्तरत्नावली'त दिली आहे. आपल्या गोंधळाचं मूळ काही अभ्यासक या गोंडलीत शोधतात. नाव तेच का, विधी तोच का, याचा निवाडा मी करणार नाही. पण देवीचा उत्सव, रात्र, आणि रानातल्या माणसांची कला पाहायला बसलेला राजा, हे चित्र आमच्या अंगणापासून फार लांबचं वाटत नाही.

मला त्याहून मोलाची वाटते ती देवगिरीची गोष्ट. यादव राजा सिंघण १२१० ते १२४७ या काळात राज्य करत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा माणूस राज्याचं दफ्तर आणि हिशेब पाहायचा. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. या हिशेबनिसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्यात माणसाच्या आवाजाच्या जाती लावल्या. खाहुल म्हणजे स्निग्ध, गोड, कोवळा. नाराट म्हणजे घन, गंभीर, तिन्ही सप्तकांत भरून राहणारा. बोंबक म्हणजे एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ, रुक्ष, जाड आणि उंच जाणारा. आणि चौथा मिश्रक, या जातींच्या मिसळणीचा. कफ, पित्त, वात यांच्याशीही त्यानं पहिल्या तिघांची सांगड घातली आहे. बोंबक हा शब्द वाचताच मराठी कानाला बोंब आठवल्याशिवाय राहत नाही. आठशे वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या मातीत बसून एका माणसानं रुक्ष आवाजाला नाव दिलं, त्याची जात लावली, आणि मिसळणीच्या आवाजालाही वेगळी ओळ दिली. बोंबक चांगला आवाज आहे असं त्यानं म्हटलेलं नाही, हेही खरं. पण त्याला यादीतून गाळलं नाही.

गाळण्याचं काम आम्ही केलं. आम्ही म्हणजे कॅसेटवाल्यांनी.

१९९६ साली मी सतरा वर्षांचा असताना लातूरला आलो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांतल्या एका रस्त्यावर कॅसेटचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर गोणपाट आणि जुन्या गाद्या भिंतींना लावून केलेली रेकॉर्डिंगची खोली. दोन माईक, एक मिक्सर, एक डेक. खाली डबिंगच्या मशीनवर रात्रंदिवस कॉप्या निघायच्या. तो आराधी गाण्यांच्या कॅसेटींचा भर होता. नवरात्रात लातूर, औसा, निलंगा, तुळजापूरच्या रस्त्यावर एकही टपरी, एकही जीप अशी नसायची की जिच्यात देवीचं गाणं लागलेलं नाही. मी आधी कॅसेटींना इनले घालायचो, मग डबिंग, मग दोन वर्षांनी मिक्सरवर बसायला लागलो. कामाची मला भारी हौस होती. आपल्या भागातल्या माणसाचा आवाज रिळात बसतो आणि शंभर गावांत पोचतो, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती. त्याआधी नाईकमामांसारख्या माणसाचा आवाज पंधरा-वीस गावांपलीकडे कुणाला माहीत नसायचा.

१९९९च्या श्रावणात मीच मामांना लातूरला बोलावलं. मालकांना सांगितलं, असा गोंधळ तुम्ही ऐकला नसेल. मामा मेळ घेऊन आले, धुतलेले झगे घालून, चौकाचं सगळं सामान बरोबर बांधून. स्टुडिओत दिवटी पेटवता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी ती नुसतीच पाटाशेजारी ठेवली.

साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. रात्रभराचं आख्यान तीस मिनिटांत बसवायचं. ते मामांनी कसंबसं बसवलं. अडचण आली ती परशुरामापाशी. भरड आवाज सुरू झाला की आमच्या डेकवरचे दोन्ही काटे लालमध्ये जाऊन पडायचे आणि रिळावर नुसती खरखर उतरायची. गेन कमी केला तर पुढचा नितळ भाग आणि तुणतुणं ऐकूच यायचं नाही. डेकचं ऑटो लेव्हल चालू केलं तर आणखी वाईट. भरड आवाजाबरोबर ते सगळा आवाज खाली दाबायचं, आणि तो थांबला की रिळाची सूं सूं वर यायची. तीन वेळा केलं, तीनही वेळा बिघडलं. मालक म्हणाले, "ते घोगरं काढून टाका. लोकांना कॅसेट खराब वाटंल, परत आणतील." मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मालकांच्या बाजूनं बोललो. म्हणालो, "मामा, परशुरामाचंबी नितळच म्हणा." त्यांनी म्हटलं. एका दमात, सुरेल. कॅसेट चांगली खपली.

पुढच्या लग्नसराईत मामांनी गावाकडे गोंधळ घातला तेव्हा भरड आवाजाच्या जागेवर पोरं म्हणाली, "मामा, कॅसेटसारखं म्हणा की." हे मला मामांच्या मुलानं सांगितलं. मामांनी स्वतः कधी बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांचा जो गोंधळ मी ऐकला तो नितळच होता.

एकट्या कॅसेटनं हे केलं असं मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. औसा, निलंगा, उमरगा भागात दगडमातीचे वाडे आणि माळवदं माणसांच्या अंगावर आली, हजारो माणसं गेली. त्या दुःखापुढे आवाजाची गोष्ट काढणंही जड जातं. तरी ज्यानं त्यानंतरची गावं पाहिली त्याला हे माहीत आहे की माळवदाची भीती बसली, नवी गावं मोकळ्या माळावर सरळ रेघेत वसली, आणि जुन्या गावांतही चौसोपी अंगणं गेली. गोंधळाचा आवाज त्या अंगणासाठी घडलेला होता. चारी बाजूंना जाड भिंती, वर आभाळ, शंभर माणसं जवळजवळ बसलेली. तिथं पोटातून काढलेला हलका घुमारासुद्धा भिंतींना धरून उभा राहतो. माळावरच्या मांडवात तो विरून जातो. मग माईक आला, भोंगे आले, आणि इको आला. इको नितळ आवाजाला गोड करतो, भरड आवाजाचा चिखल करतो. एकावर एक पडत गेलेल्या खरखरीत शब्दच कळत नाहीत. गोंधळी शहाणे असतात, समोरच्या माणसाला काय पोचतंय ते त्यांना लगेच कळतं. जे पोचत नव्हतं ते त्यांनी सोडून दिलं.

या सगळ्याचा मला त्या पोरानं लावलेल्या गाण्यामुळं नव्यानं विचार करावा लागला. पुढचे दोन महिने तो मला एकेक अल्बम आणून ऐकवत राहिला, आणि मीही शिकत राहिलो. या संगीताला मेटल म्हणतात, आणि त्याच्या एका शाखेला प्रोग्रेसिव्ह मेटल. दहा-दहा मिनिटांची गाणी, मधेच ताल बदलतो, चाल बदलते, गळा बदलतो. स्वीडनचा ओपेथ हा बँड त्यातला मोठा. २००१चा त्यांचा 'ब्लॅकवॉटर पार्क' ऐकताना मी पहिल्यांदा मान हलवली. मिकाएल ओकरफेल्ट एका गाण्यात भरडतो आणि त्याच गाण्यात, तारा हळू छेडत, एखाद्या भजन्यासारखा नितळ गातो. तोडीसतोड दोन्ही. आपल्या देशातला दाखला म्हणजे स्कायहार्बरचा २०१२चा 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज'. दिल्लीच्या केशव धरनं घरच्या खोलीत बसून त्याची सुरुवात केली. या अल्बमचे दोन भाग आहेत. पहिल्या 'इल्यूजन'मध्ये मुख्य गळा डॅनियल टॉम्पकिन्स या इंग्रज गायकाचा, सुरेल. दुसऱ्या 'केऑस'मध्ये मुंबईच्या भयानक मौत या बँडचा सुनीथ रेवणकर, भरड. एक भाग भ्रमाचा, एक कल्लोळाचा. कुणाच्या तोंडी कुठला आवाज द्यायचा, हा विचार त्यांनाही करावा लागला.

त्या पोरानंच मला दाखवलं की भरड आवाज काढणारे खऱ्या स्वररज्जूंवर जोर देत नाहीत. त्यांच्या वर आणखी एक जोडी असते, वैद्यकात तिला खोट्या स्वररज्जू म्हणतात. खालून पोटाचा दम, मधे सैल गळा, आणि ती वरची जोडी कंप पावते. तिबेटातले भिक्खू खर्जातलं पठण करतात, तुवाचे गायक खोल घुमारा काढतात, तिथंही हीच जोडी कामाला येते. जमलेला भरड आवाज प्रत्यक्षात फार मोठा नसतो, माईकच्या जवळ काढला की मोठा भासतो. हे ऐकलं आणि बेंबीच्या वर ठेवलेला माझा दहा वर्षांचा हात मला आठवला. मामांनी शब्दाशब्दानं हेच सांगितलं होतं. १९९९ साली माईक जवळ घेऊन, भरड आवाजाची लेव्हल वेगळी लावून, मामांना "हळू काढा" एवढं म्हटलं असतं तर तो आवाज आमच्या त्या साध्या डेकवरही उतरला असता. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. ज्याला ठाऊक होतं तो माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

गोंधळ आणि मेटल एकच, असं म्हणण्याचा मोह मला होत नाही. मेटलचा गायक तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे गातो, गाणं त्याचं स्वतःचं असतं. गोंधळी देवीचं देणं फेडायला येतो, समोरच्या पाटावर ती बसलेली असते. मुंबईच्या पोरांनी परशुराम घेतला तो पुराणातला, फरशी चालवणारा. आमचा परशुराम आईकडे वळून पाहणारा. पण गळ्याची जी कसरत आहे, दोन आवाज ठेवायचे, एकातून दुसऱ्यात जायचं, आणि ती जाण्याची जागा कथेनं ठरवायची, ती एकच आहे. या पोरांनी त्यासाठी यंत्रं वळवली, माईक शिकून घेतले. आम्ही यंत्राला जमेल तेवढाच गोंधळ ठेवला.

ओपेथनंही २०११च्या 'हेरिटेज'पासून भरड आवाज सोडला होता. पुढचे तीन अल्बमही नितळच. २०२४च्या नव्या अल्बममध्ये तो परत आला. त्यांचा गायक जिवंत आहे, म्हणून त्याला परत आणता आला. नाईकमामा २००९ साली गेले. त्यांचा मुलगा आजही गोंधळ घालतो, गळा गोड आहे, आख्यानं पाठ आहेत. त्याला मी मागच्या नवरात्रात म्हटलं, परशुरामाचं भरड म्हणून दाखव. त्यानं खूप प्रयत्न केला. गळ्यातून आला, पोटातून नाही. खोकला आला. "दादांनी मला ते शिकवलंच नाही," तो म्हणाला, "मनले, आता कुणी ऐकत नाही."

आता दर लग्नसराईत मी मशीन घेऊन माहूर, किनवट, लोहा, अहमदपूर, उदगीर या भागात हिंडतो. दोन गोंधळी मिळाले, दोघंही सत्तरीपुढचे, ज्यांच्या गळ्यात दोन्ही आवाज आहेत. त्यांचं रात्रभराचं गाणं मी घेतलं, दिवटीसकट, कुत्र्यांच्या भुंकण्यासकट. तो इंजिनिअरिंगचा पोरगा माझ्याबरोबर येतो. एका म्हाताऱ्या नाईकांनी त्याचा भरड आवाज ऐकला, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरूबर हाय. पन दम अजून खालून घे."

तुमच्या गावात, तुमच्या सोयऱ्यांत असा एखादा जुना गोंधळी, वाघ्या किंवा पोतराज असेल तर या लग्नसराईतच त्याच्याकडे जा. इको लावू नका. फोन साधाच असला तरी चालेल, तो त्यांच्या तोंडापासून दोन हातांवर एका जागी ठेवा आणि पहाटेच्या आरतीपर्यंत चालू राहू द्या. मधे थांबवू नका, निवडू नका. आवाज खरखरला, फाटला तर तो भाग पुसू नका. आणि गाणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसून एवढं विचारा की हा आवाज कुठून काढायचा, आणि ते हात धरून दाखवतील तेव्हा शेजारी घरातलं एखादं लेकरू असू द्या.